मोबाइलचा पक्षी आणि नान्नजचा माळढोक

‘२.०’ हा चित्रपट २०१७ च्या दिवाळीत येणार होता. तो आला नाही. मग जानेवारी २०१८ मधली तारीख सांगितली गेली, तीही टळली. एप्रिलचे नाव निघाले, तेही मागे पडले. शेवटी २९ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे पुढची दिवाळीही उलटून गेल्यावर, दिग्दर्शक शंकर यांचा हा चित्रपट तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा तीन भाषांत पडद्यावर लागला. २०१० च्या ‘एंदिरन’चा हा पुढचा भाग. हिंदीत आपण तो पहिला चित्रपट ‘रोबोट’ या नावाने पाहिला, तेलुगूत तो ‘रोबो’ होता. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू चित्रपटाला प्रेक्षक कधी शोधावा लागत नाही, त्यामुळे इथे ‘चिट्टी’ हे नाव रिक्षावाल्यापासून विडी वळणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते.

चित्रपटाच्या खर्चाचे आकडे साडेचारशे कोटींपासून पावणेसहाशे कोटींपर्यंत छापून आले. तुलनेसाठी सांगायचे तर मंगळाकडे पाठवलेल्या आपल्या यानाचा सगळा खर्च सुमारे ४५० कोटी होता. ही तुलना सगळेच करतात आणि ती थोडी अन्यायाचीही आहे, कारण चित्रपट तिकिटे विकून पैसे परत आणू पाहतो, यान तसे काही करत नाही. पण एवढा पैसा आणि जवळपास तीन वर्षे कशावर गेली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधताना मी चेन्नईहून निघालो आणि आपल्या नान्नजच्या माळावर येऊन पोचलो. तो रस्ता कसा आला ते पुढे येईलच.

आधी मूळ कल्पनेचा उगम पाहू. तमिळ वाचकांचे लाडके लेखक सुजाता, म्हणजे एस. रंगराजन, हे व्यवसायाने अभियंता होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. मराठीत जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला जशी प्रतिष्ठा मिळवून दिली, तसे काहीसे काम तमिळमध्ये सुजातांनी केले. ‘एन इनिय इयंदिरा’ या कादंबरीत त्यांनी जीनो नावाचा यंत्रकुत्रा आणला आणि वाचकांना तो इतका आवडला की ‘मीण्डुम जीनो’, म्हणजे ‘पुन्हा जीनो’, असा पुढचा भागही लिहिला. शंकर आणि सुजाता यांनी मिळून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यंत्रमानवाच्या चित्रपटाची आखणी केली होती. नायक होते कमल हासन. वेशभूषेची छायाचित्रेही काढून झाली होती. पण खर्चाचा अंदाज पाहून ते काम थांबले. पुढे रजनीकांत आले आणि ‘एंदिरन’ सुरू झाला, तोवर २७ फेब्रुवारी २००८ रोजी सुजाता गेले. पहिल्या भागाच्या लेखनात त्यांचा हात होता. दुसऱ्या भागात तो नव्हता, आणि माझ्या मते ते जाणवते. दुसऱ्या भागाच्या लेखनात तमिळमधले नामवंत साहित्यिक जयमोहन होते. त्यांचा ओढा यंत्रापेक्षा माणसाच्या दुःखाकडे जास्त. म्हणून असेल, ‘२.०’ मधली यंत्रे फिकी वाटतात आणि पक्ष्यांसाठी झुरणारा म्हातारा मात्र लक्षात राहतो.

रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातले, हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. तरी आपण ते प्रत्येक वेळी सांगतोच. खलनायकाच्या भूमिकेसाठी आधी आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्याशी बोलणी झाली होती. ती फिसकटली आणि अक्षयकुमार आले. ते बरेच झाले, कारण चिमण्यांसाठी रडणारा प्राध्यापक म्हणून श्वार्झनेगर डोळ्यांसमोर आणून पाहा.

चित्रीकरणाला डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईजवळ सुरुवात झाली. मार्च २०१६ मध्ये काही भाग दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये घेतला गेला. छायाचित्रण नीरव शाह यांचे, दृश्यपरिणामांची देखरेख व्ही. श्रीनिवास मोहन यांची, ध्वनी रसूल पूकुट्टी यांचा, संगीत ए. आर. रहमान यांचे. अक्षयकुमारच्या चेहऱ्यावरचा पक्ष्याचा साज अमेरिकेतल्या लेगसी इफेक्ट्स या संस्थेने घडवला. हॉलिवूडच्या यांत्रिक प्राण्यांचे जनक मानले जाणारे स्टॅन विन्स्टन २००८ मध्ये वारले, त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था काढली. तो साज चढवायला रोज साडेतीन तास लागत.

मोठा निर्णय मात्र वेगळाच होता. हा चित्रपट सुरुवातीपासूनच त्रिमितीत चित्रित करायचा ठरले. त्रिमिती, म्हणजे थ्रीडी, आपल्याला नवी नाही. १९८४ साली मल्याळममध्ये ‘माय डियर कुट्टिचातन’ निघाला, तोच हिंदीत ‘छोटा चेतन’. नाकावर पुठ्ठ्याचा चष्मा लावून अंगावर येणाऱ्या वस्तू पकडायला हात पुढे करणारी पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. पण त्यानंतर आलेले बरेचसे त्रिमिती चित्रपट साध्या कॅमेऱ्याने घेऊन मागाहून संगणकावर त्रिमित केलेले असतात. त्यात प्रत्येक चित्रातले माणूस, खुर्ची, झाड असे वेगवेगळे कापून काढतात, प्रत्येकाला ‘हे किती जवळ, ते किती लांब’ असे अंतर देतात, आणि वस्तू सरकवल्यावर तिच्यामागे जी रिकामी जागा उरते ती रंगवून भरतात. काम किचकट आहे, पण चित्रीकरण नेहमीसारखेच होते.

थेट त्रिमितीत घ्यायचे तर दोन कॅमेरे लागतात, डाव्या डोळ्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. दोन मोठे चित्रपट कॅमेरे शेजारी ठेवून त्यांची भिंगे इतकी जवळ आणताच येत नाहीत, त्यांचे देह आड येतात. म्हणून एक युक्ती करतात. एक कॅमेरा सरळ ठेवायचा, दुसरा त्याच्याशी काटकोनात, आणि मधे अर्धपारदर्शक आरसा तिरपा लावायचा. पहिला कॅमेरा आरशातून आरपार पाहतो, दुसरा आरशातले प्रतिबिंब टिपतो. असे केले की दोन भिंगांमधले अंतर हवे तितके कमी करता येते, अगदी शून्यापर्यंत.

पण आरसा प्रकाश वाटून घेतो. प्रत्येक कॅमेऱ्याला निम्माच मिळतो. म्हणजे संचावर दुप्पट दिवे हवेत. त्यातही त्रिमितीत पार्श्वभूमी धूसर ठेवली तर डोळ्यांना ती खोटी वाटते, म्हणून भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागते आणि दिवे आणखी वाढतात. चमकणाऱ्या वस्तूवरची तिरीप एका कॅमेऱ्यात दिसते, दुसऱ्यात दिसत नाही, कारण आरपार गेलेला प्रकाश आणि परावर्तित प्रकाश यांचे गुण थोडे वेगळे होतात. चिट्टी तर पायापासून डोक्यापर्यंत चमकणारा! दोन चित्रे केसभर वरखाली झाली तरी प्रेक्षकाचे डोके दुखू लागते. त्यामुळे प्रत्येक दृश्याआधी मोजमाप, जुळवाजुळव, पुन्हा तपासणी. साध्या चित्रपटात दिवसाला जितकी दृश्ये होतात तितकी इथे होत नाहीत, आणि संचावरचा प्रत्येक तास पैशाचा असतो.

आता खऱ्या खर्चाकडे येऊ. जुलै २०१८ मध्ये शंकर यांनी जाहीर केले की चित्रपटात दृश्यपरिणामांची एकूण २१५० दृश्ये आहेत आणि त्यांपैकी हजारभर अतिशय गुंतागुंतीची आहेत. चित्रपटाची लांबी जवळपास अडीच तास. म्हणजे पडद्यावरची फारच थोडी मिनिटे संगणकाच्या हातातून सुटली असतील.

चित्रपटातले सगळ्यात गाजलेले दृश्य म्हणजे मोबाइल फोनचा पक्षी. शहरभरातले फोन लोकांच्या हातांतून, खिशांतून उडून जातात आणि त्या लाखो फोनांचा एक राक्षसी पक्षी तयार होतो. हे कसे करतात ते सोलापूरकराला समजावणे सोपे आहे, कारण आपल्या चादरीवरचा मोर तसाच बनतो. नक्षी काढणारा आधी चौकटीच्या कागदावर मोर उतरवतो. एकेक चौकट म्हणजे ताण्याबाण्याची एकेक भेट. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात आणि जेकार्ड यंत्र ती कार्डे वाचत कुठला धागा वर उचलायचा ते ठरवते. विणणाऱ्याला मोर ‘काढावा’ लागत नाही. भोक आहे की नाही, एवढाच निर्णय यंत्र प्रत्येक धाग्यापाशी घेते आणि मोर आपोआप उमटतो. भोके पाडलेल्या याच कार्डांच्या कल्पनेतून पुढे संगणकाला सूचना देण्याची पद्धत निघाली, हे इतिहासात नोंदलेले आहे.

संगणकावरच्या पक्ष्यातही एकेक फोन कुणी हाताने बसवत नाही. आधी फोनचे थोडेच नमुने तपशिलाने घडवतात. मग पक्ष्याचा पोकळ सांगाडा तयार करून तो पंख हलवील, मान वळवील असा बांधतात. त्या सांगाड्याच्या पृष्ठभागावर नियमांनी फोन पसरतात: पंखाच्या टोकाला विरळ, छातीवर दाट, इथे पडदे पेटलेले, तिथे विझलेले. वाऱ्याने किती हलावे, एकमेकांवर आपटले तर काय व्हावे, हेही नियमच. चादरीत नियम पुठ्ठ्यावर असतो, इथे तो आज्ञावलीत असतो.

नियम लिहून झाले की चित्र तयार व्हायला यंत्राचा वेळ लागतो, आणि पैसा वितळतो तो इथे. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. पाच सेकंदांचे दृश्य म्हणजे १२० चित्रे. त्रिमितीत दोन डोळ्यांची मिळून २४०. लाखो चकचकीत फोन, प्रत्येकाच्या काचेत दुसऱ्याचे प्रतिबिंब. असे एक चित्र तयार करायला एका संगणकाला एक तास लागतो असे धरून चाला. पाच सेकंदांसाठी २४० तास, म्हणजे दहा दिवस आणि दहा रात्री. आणि हे एकदाच नव्हे. दिग्दर्शक पाहतो, ‘डोळा अजून रागीट हवा’ म्हणतो, आणि दहा दिवस पुन्हा. अर्थात शेकडो संगणक एका वेळी जुंपलेले असतात, म्हणून दिवसांचे तास होतात. पण प्रत्येक तासाचे भाडे आणि वीज कुणीतरी भरतच असतो.

२०१७ ची दिवाळी हुकली ती याच कामामुळे. ते वेळेत पुरे होत नव्हते. चित्रीकरणात एक दिवस चुकला तर तो डोळ्यांना दिसतो. इथे मात्र वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या देशांत अंधाऱ्या खोल्यांत बसलेल्या माणसांकडे दृश्ये वाटून दिलेली असतात, आणि एका ठिकाणी उशीर झाला की तो पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात पडतो. शंकर यांच्याच सांगण्याप्रमाणे दृश्यपरिणामांवर काम करणारे हजाराच्या वर होते. चित्रपट संपताना त्यांची नावे बारीक अक्षरांत भरभर वर सरकतात, तेव्हा आपण चष्मे परत करायच्या रांगेत असतो. उद्या कुणा अभ्यासकाला भारतीय संगणकीय चित्रकारीचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याने ती नावे थांबवून वाचावीत.

आता त्या पक्ष्याच्या आत शिरू. चित्रपटातला खलनायक पक्षिराजन हा वृद्ध पक्षितज्ज्ञ. बारीक अंगकाठी, पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण. पाहताक्षणी सलीम अली आठवावेत अशी घडण. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सलीम अलींच्या आयुष्याला वळण लागले ते लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीने. तिच्या गळ्याशी पिवळा ठिपका होता. ती कुठल्या जातीची हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावातही ती चिमणी आहे. पक्षिराजन मात्र उलट दिशेने जातो. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरींनी पक्षी मरतात म्हणून तो आधी अर्ज करतो, मंत्र्यांकडे जातो, न्यायालयात जातो. सगळीकडे हरतो आणि शेवटी एका मनोऱ्यावरच गळफास घेतो. मग त्याचा आत्मा मोबाइल वापरणाऱ्यांवर सूड उगवतो.

इथे एक गंमत नोंदवायलाच हवी. या चित्रपटाचा पैसा लायका प्रॉडक्शन्सचा होता, आणि तिचे मालक सुभासकरन अल्लिराजा यांनी २००६ साली सुरू केलेला मुख्य धंदा लायकामोबाइल, म्हणजे मोबाइलची सिमकार्डे विकण्याचा. मोबाइलवर सूड घेणारा पक्षी मोबाइलच्याच पैशातून उडाला.

दुसऱ्या बाजूला मोबाइल कंपन्यांची संघटना, सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया, चित्रपट लागायच्या आधीच सेन्सॉर मंडळाकडे गेली. हा चित्रपट मोबाइलविषयी अशास्त्रीय समज पसरवतो, असा तिचा आक्षेप होता. तरीही चित्रपट ठरल्या दिवशी लागला. पण संघटनेचा आक्षेप कितपत खरा होता? कंपन्यांचे हितसंबंध उघड असले तरी प्रश्न त्यांच्यासाठी सोडून देता येत नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने मोबाइल मनोऱ्यांचा वन्यजीवांवर, विशेषतः पक्षी आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक डॉ. असद रहमानी. समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध गोळा केले. त्यांतले बहुतेक माणसांवरचे होते, पक्ष्यांवरचे अगदी थोडे. सावधगिरी बाळगा आणि अधिक अभ्यास करा, असा तिचा एकंदर सूर होता. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. म्हणजे सरकारने काहीच ऐकले नाही, हे चित्रपटातले चित्र पूर्ण खरे नाही.

विज्ञानाचा सगळ्यात चोख पुरावा २०१४ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गहून आला. हेन्रिक मौरिट्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात युरोपीय रॉबिन पक्ष्याला पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखता येत नाही. ‘नेचर’मध्ये तो निबंध आला आणि पक्षिराजनच्या बाजूने बोलणाऱ्यांना आधार सापडला. पण तपशील वाचला की चित्र बदलते. पक्ष्यांना गोंधळात टाकणारा गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता. मध्यम लहरींचे रेडिओ प्रक्षेपण आणि विजेवर चालणारी तऱ्हेतऱ्हेची उपकरणे त्यात येतात. मोबाइल याच्या कितीतरी वर, सातशे-नऊशे मेगाहर्ट्झ आणि त्याच्याही पुढे चालतो. शिवाय पक्षी दिशाहीन झाले होते, मेले नव्हते. चिमणीचे म्हणाल तर ती स्थलांतर करतच नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात चिमणीची देशभरातली संख्या एकंदरीत स्थिर दिसली, घट दिसली ती मोठ्या शहरांत. कौलारू घरे जाऊन सपाट भिंती आल्या की घरट्याला सांदी उरत नाही. अंगणातले किडे संपले की पिलांना चारा उरत नाही, कारण चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना अळ्याच भरवते. मनोऱ्यांना दोषी ठरवणारा पुरावा त्या अहवालकर्त्यांना मिळाला नाही.

आता नान्नज. डॉ. रहमानी यांचे नाव सोलापूरच्या पक्षिमित्रांना मोबाइल समितीमुळे नव्हे, तर माळढोकामुळे माहीत आहे. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांच्या नेतृत्वाखाली माळढोकाचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याच्या केंद्रांपैकी एक सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरचे नान्नज होते. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, गावे, शेते, रस्ते सगळे धरून. लोकांची घरेच अभयारण्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि माळढोक हा शब्द शिवीसारखा झाला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मधल्या काळात कालव्याचे पाणी आले, ऊस आला, माळ नांगरले गेले, उरलेल्या गवताला ‘पडीक’ समजून त्यावर झाडे लावली गेली. माळढोकाला झाडे नकोत, त्याला मोकळे गवत हवे. मूळचे सोलापूरचे, आणि २०२५ मध्ये सोलापुरातच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांसाठी मराठी शब्द जमवले, कोश केला. त्यातला हा एक पक्षी मात्र त्यांच्याच जिल्ह्यात शब्दापुरता उरत चालला. नान्नजला आज माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

देशभरात माळढोक आता दीडशेच्या आत आहेत, बहुतेक राजस्थानात. तिथे त्यांना मारणाऱ्या कारणांमध्ये लहरी नाहीत, तारा आहेत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी तो एक. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते आणि एवढे जड शरीर झटकन वळत नाही. मादी वर्षाला साधारणपणे एकच अंडे घालते, म्हणून एकेका मृत्यूची भरपाई व्हायला वर्षे लागतात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे थरच्या वाळवंटात वर्षाला अठराच्या आसपास माळढोक तारांना धडकून मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोक क्षेत्रातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्या, असा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सैल करून तज्ज्ञ समितीकडे सोपवला, कारण त्या तारांतून सूर्याची आणि वाऱ्याची वीज येते आणि तीही देशाला हवी आहे. पक्षिराजनने असा खटला लढवला असता तर चित्रपटाचा खलनायक कुणाला करायचे हा पेच शंकर यांना पडला असता. मोबाइल हातात दिसतो, त्याचा राग पटकन येतो. सौर विजेच्या तारेचा राग प्रेक्षकाला यायचा नाही.

तारा हलवता येत नाहीत तिथे त्यांच्यावर पक्ष्यांना सावध करणाऱ्या तबकड्या लावतात. हाताच्या पंज्याएवढी तबकडी तारेला चिमट्याने अडकवलेली असते, वाऱ्यावर फिरते, दिवसा चमकते, आणि काही प्रकार संध्याकाळनंतरही थोडा वेळ उजळ दिसतात. ठराविक अंतरावर एक अशी ओळ लावली की जड पक्ष्याला वळायला अवधी मिळतो. धडका त्याने कमी होतात, थांबत नाहीत. उन्हापावसाने काही तबकड्या गळून पडतात, आणि तिथली जागा पुन्हा भरायला माणूस खांबावर चढवावा लागतो.